मार्च १९१८ मध्ये जिंकत असलेली जर्मनी नोव्हेंबरात हरली कशी?

अर्धवट_इतिहासप्रेमी

नमस्कार मंडळी, पहिल्या महायुद्धाबद्दल एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. पुस्तकात साधारण असंच वाचलेलं असतं की आर्चड्यूक फर्डिनांडचा खून झाला, युद्ध पेटलं, चार वर्षं खंदकात चिखल तुडवला, मग अमेरिका आली आणि जर्मनी हरली, विषय संपला. पण नकाशा उघडून तारखा लावत बसलो तर हे गणित काही जुळेना.

म्हणजे बघा, ३ मार्च १९१८ ला ब्रेस्ट-लिटोव्स्कचा तह, रशिया युद्धातून बाहेर, पोलंड, बाल्टिक, युक्रेन सगळं जर्मनीच्या पंखाखाली. रोमानियाने पण गुडघे टेकलेले. २१ मार्चला फ्रान्समध्ये जर्मनांचा मोठा हल्ला आणि पंधरा दिवसांत ते जवळजवळ ६० किलोमीटर आत घुसले, १९१६ ला सोमच्या लढाईत दोस्तांना (म्हणजे ब्रिटन-फ्रान्सच्या बाजूला) साडेचार महिने लढून दहा-बारा किलोमीटर मिळाले होते हे लक्षात घ्या. पॅरिसवर सव्वाशे किलोमीटरवरून तोफ डागत होते. मे संपता संपता मार्न नदीवर पोचले. आणि मग पाच-साडेपाच महिन्यांत, ११ नोव्हेंबरला कॉम्पिएन्यच्या जंगलात रेल्वेच्या डब्यात बसून सही?

आणि सही केली त्या दिवशी जर्मन फौजा बेल्जियममध्ये होत्याच, फ्रान्सचाही एक तुकडा त्यांच्याकडे होता, उलट जर्मनीत शत्रू जवळजवळ नव्हताच, आल्सासची एक कड सोडली तर. मग हे "आम्ही रणात हरलो नाही, घरच्यांनी दगा दिला" असं जे जर्मन नंतर म्हणायला लागले त्यात थोडं तरी तथ्य आहे का? मला हिटलरचं समर्थन वगैरे करायचं नाहीये, उगीच त्या अंगाने जाऊ नका, खरंच समजून घ्यायचंय.

---

खंदकातला_उंदीर

प्रश्न झकास. आणि अर्धं उत्तर तुम्हीच लिहिलंय, "६० किलोमीटर आत घुसले" हेच त्यांच्या पराभवाचं कारण आहे. कसं ते सांगतो, थोडं लांबेल.

आधी हल्ला का केला ते बघा. अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली पण तिच्याकडे तेव्हा सैन्य असं फारसं नव्हतंच, माणसं भरती करून, शिकवून, जहाजात घालून फ्रान्सला आणायला वर्ष लागणार होतं. रशिया पडल्यामुळे जर्मनीच्या पूर्वेकडच्या पन्नासेक डिव्हिजन मोकळ्या झाल्या. म्हणजे १९१८ च्या वसंतात थोडे महिने जर्मनांचं पारडं जड, आणि नंतर दर महिन्याला हलकं होत जाणार, हे लुडेनडॉर्फला पक्कं माहीत होतं. (कागदावर सेनापती हिंडेनबुर्ग, पण गाडा हाकत होता लुडेनडॉर्फ.) तेव्हा जे करायचं ते आत्ताच, असा हा डाव. ज्याला आपण "जिंकत असलेली जर्मनी" म्हणतोय तिला स्वतःला आपला वेळ संपत आलाय हे कळलेलं होतं.

आता हल्ला. २१ मार्चला पहाटे ४:४० ला साडेसहा हजारांच्या आसपास तोफा एकदम सुरू झाल्या, पाच तास, स्फोटक गोळे आणि गॅस मिसळून. वरून दाट धुकं. मग स्टॉर्म ट्रूपर, छोट्या छोट्या टोळ्या, मशीनगनची ठाणी दिसली की त्यांना बगल देऊन सरळ मागे घुसायचं, उरलेलं मागचे बघतील. ब्रिटिशांची फिफ्थ आर्मी, जनरल गॉफची, अक्षरशः फाटली. पहिल्याच दिवशी २१,००० ब्रिटिश कैदी.

पण कुठे जायचंय? इथे खरी गोम आहे. मागे ब्रिटिशांची सगळी रसद दोन रेल्वे जंक्शनवर लटकलेली होती, आमिएं आणि उत्तरेला हाझब्रूक. ही दोन हातात आली असती तर ब्रिटिश सैन्याला समुद्राकडे पळावं लागलं असतं. लुडेनडॉर्फने यातलं एकही धड लक्ष्य म्हणून धरून ठेवलं नाही. आधी भोक पाडू, पुढचं पुढे बघू, असा त्याचा खाक्या, त्याच्याच हाताखालचा बव्हेरियाचा युवराज रुप्रेख्त यावरून वैतागलेला होता. मार्चमध्ये सोमकडे, तिथे अडकला की एप्रिलमध्ये फ्लँडर्सला, तिथे अडकला की मे मध्ये एन नदीवर शमँ दे दामला, जूनमध्ये अजून एक, जुलैमध्ये अजून एक. पाच हल्ले, पाचही ठिकाणी नकाशावर फुगवटा, आणि जंक्शन दोन्ही शेवटपर्यंत दोस्तांकडेच.

फुगवटा म्हणजे काय, तर आघाडीची लांबी वाढली, राखायला माणसं जास्त लागली, आणि नवीन जागी ना खंदक धड ना काटेरी तारा. आणि मेली कोण? स्टॉर्म ट्रूपर्स सगळ्या डिव्हिजनमधून वेचून काढलेली तरुण, तगडी, अनुभवी पोरं होती, तीच आधी पुढे गेली, तीच आधी मेली. सहा महिन्यांत जर्मन सैन्य ५१ लाखांवरून ४२ लाखांवर आलं. मागे राहिले ते वयस्कर, जखमा भरून परत आलेले, आणि १८-१९ वर्षांचे कोवळे. त्यात जून-जुलैमध्ये इन्फ्लुएंझाची साथ.

मग १८ जुलैला मार्नवर फ्रेंचांचा उलटा तडाखा बसला, तीनशेहून जास्त रणगाडे घेऊन जंगलातून बाहेर आले. आणि ८ ऑगस्टला आमिएं. त्यावर वेगळं लिहितो, जेवून येतो.

---

रोखठोक

एवढं पुराण कशाला. अमेरिका आली म्हणून जर्मनी हरली. मार्चमध्ये फ्रान्समध्ये तीनेक लाख अमेरिकन होते, नोव्हेंबरमध्ये वीस लाख. उन्हाळ्यात दिवसाला दहा हजारांच्या हिशोबाने उतरत होते. बाकी सगळं तपशील.

---

सांजवेळ

रोखठोक, तुमचं नाव सार्थ आहे पण एवढं सोपं नाही हो ते :)

युद्धाच्या चर्चेत सगळे तोफा आणि रणगाडे मोजत बसतात, स्वयंपाकघरात कोणी डोकावत नाही, म्हणून मी तिथूनच लिहिते. ब्रिटनने १९१४ पासून समुद्रावरून जर्मनीची नाकेबंदी केलेली होती. जर्मनी युद्धाआधी धान्य, चरबी, गुरांचं खाद्य बाहेरून भरपूर आणायची. आणि खतं! चिलीहून नायट्रेट यायचं ते बंद. आता हाबर-बॉश पद्धतीने हवेतून नायट्रोजन काढायची विद्या जर्मनांकडे होती, जगात पहिली त्यांचीच, पण तो नायट्रोजन शेतात टाकायचा की बॉम्बमध्ये भरायचा? अर्थात बॉम्बमध्ये. शेतातला गडी सैन्यात, घोडा सैन्यात, खत दारूगोळ्यात, मग पीक यायचं कुठून.

सरकारी डोकं पण काय वर्णावं. १९१५ मध्ये विद्वानांनी हिशोब मांडला की डुकरं माणसांचे बटाटे खातात, तेव्हा डुकरं मारा. लाखो डुकरं मारली. थोडे दिवस मटण स्वस्त आणि नंतर ना मांस, ना चरबी, ना शेणखत. मग १९१६ चा शरद ऋतू पावसाने धुतला, बटाट्यावर रोग पडला, पीक निम्म्यावर आलं आणि त्या हिवाळ्यात लोक सलगम खाऊन जगले, एरवी जनावरांना घालायचे ते. सलगमची भाकरी, सलगमचा मुरंबा, सलगमची कॉफीसुद्धा! त्या हिवाळ्याला जर्मन अजून सलगमचा हिवाळा म्हणूनच ओळखतात. शहरातल्या माणसाचं अधिकृत रेशन सगळ्यात वाईट काळात हजार कॅलरींच्या आसपास आलं होतं. नाकेबंदीमुळे भूक आणि आजाराने मेलेल्या साध्या नागरिकांचे अंदाज चार लाखांपासून साडेसात लाखांपर्यंत जातात, कोण मोजतंय त्यावर अवलंबून.

जानेवारी १९१८ मध्ये बर्लिनमध्येच दारूगोळ्याच्या कारखान्यातले चार लाख कामगार संपावर गेले. हे मार्चच्या हल्ल्याच्याही पावणेदोन महिने आधी, म्हणजे "घरचे खचले" ते काही नोव्हेंबरात अचानक नाही. आणि खचले यात नवल काय, तुमच्या पोराला दूध मिळत नसेल आणि काळ्या बाजारात पैसेवाल्याला लोणी मिळत असेल तर किती दिवस कैसरचा, म्हणजे सम्राटाचा, जयजयकार कराल?

ब्रेस्ट-लिटोव्स्कचं म्हणाल तर युक्रेनमधून धान्याच्या गाड्या येतील म्हणून सगळे आस लावून बसलेले. आलं ते अपेक्षेच्या मानाने चिमूटभर. उलट तिथलं धान्य ओरबाडायला आणि तो अवाढव्य प्रदेश ताब्यात ठेवायला लाखो सैनिक पूर्वेलाच अडकून पडले, जे फ्रान्समध्ये हवे होते. हाव नडली, दुसरं काय.

---

खंदकातला_उंदीर

आलो. सांजवेळ ताई, मस्त लिहिलंय, पण एक शंका काढतो. भुकेचा कडेलोट १९१६-१७ च्या हिवाळ्यात झाला, तरी सैन्य त्यानंतर दोन वर्षं लढलं, आणि १९१७ मध्ये तर रशियाला लोळवलं, इटलीला कापोरेत्तोला धूळ चारली. मग नुसत्या भुकेने १९१८ चा पराभव कसा समजावणार?

---

सांजवेळ

नुसत्या भुकेने नाहीच समजत, मान्य. पण तुमच्याच मार्चच्या हल्ल्यात बघा ना. जर्मन सैनिकांना वर्षानुवर्षं सांगितलेलं की आमच्या पाणबुड्यांनी इंग्लंडला उपाशी मारलंय. आणि पुढे सरकल्यावर त्यांच्या हाती ब्रिटिशांची कोठारं लागली, पांढरा पाव, डबाबंद मांस, खरी कॉफी, चॉकलेट, दारूचे पिंप. आल्बेर गावात अख्ख्या तुकड्या लढाई सोडून तळघरातली वाइन उपसत बसल्या, अधिकाऱ्यांना त्यांना पुढे हलवता येईना, आणि तिथून आमिएं काही फार लांब नव्हतं. पोट भरल्यावर त्याहून वाईट गोष्ट लक्षात आली, की शत्रूकडे एवढं आहे तर आपल्याला आजवर खोटं सांगितलं. हा धक्का तोफेच्या गोळ्यापेक्षा कमी नव्हता.

---

खंदकातला_उंदीर

हे बाकी खरं. आणि त्यात अजून जोडतो, त्यांना पुढे हलवायला वाहनंही नव्हती. नाकेबंदीमुळे रबर नाही, ट्रकना लोखंडी चाकं, ती रस्ते उखडायची. घोडे उपाशी. आणि वाटेत काय तर १९१६ च्या सोमच्या लढाईचं जुनं मैदान, खड्डेच खड्डे, शिवाय १९१७ मध्ये मागे हटताना जर्मनांनीच तो मुलूख बेचिराख केलेला, विहिरी, झाडं, रस्ते काही सोडलं नव्हतं. वर्षभराने त्याच राखेतून स्वतःची रसद ओढायची पाळी आली. रणगाडे म्हणाल तर जर्मनांनी स्वतःचे अख्ख्या युद्धात वीस बनवले. वीस. बाकी ब्रिटिशांचे पकडलेले वापरायचे.

आता ८ ऑगस्ट. ही लढाई मला फार आवडते, म्हणजे लढाई आवडते असं म्हणू नये पण आखणी बघा. ब्रिटिश फोर्थ आर्मी, रॉलिन्सनची, त्यात कॅनडाचे आणि ऑस्ट्रेलियाचे कोर, बाजूला फ्रेंच. कॅनडियन दिसले की हल्ला होणार हे जर्मनांना पाठ झालेलं, म्हणून कॅनडियनांच्या दोन बटालियन आणि वायरलेस मुद्दाम वर फ्लँडर्सला पाठवून दिले, बोंबाबोंब करायला की आम्ही इकडे आहोत. सैनिकांच्या पगाराच्या पुस्तकात चिठ्ठी डकवली, तोंड बंद ठेवा. रणगाड्यांचा आवाज लपवायला रात्री वरून विमानं घिरट्या घालत होती.

पण सगळ्यात भारी काम केलं ते तोफखान्याच्या गणितवाल्यांनी. मायक्रोफोन ओळीने लावून जर्मन तोफेचा आवाज कुठल्या मायक्रोफोनला किती उशिरा पोचतो त्यावरून तोफेची जागा काढायची. या आणि अशा पद्धतींनी बहुतेक सगळ्या जर्मन तोफा आधीच नकाशावर टिपलेल्या. आदल्या दिवशी नेम जमवायला एकही गोळा टाकला नाही, पहाटे ४:२० ला एकदम गोळे पडले ते थेट तोफांवर. पाचशेहून जास्त रणगाडे, धुकं, आणि दुपारपर्यंत काही ठिकाणी १२ किलोमीटर आत. त्या एका दिवसात जर्मनांचे सुमारे २७,००० गेले, पण आकड्यापेक्षा हे बघा की त्यातले निम्म्याहून जास्त कैदी होते. म्हणजे लोक हात वर करत होते. मागून मदतीला येणाऱ्या ताज्या तुकड्यांना पळणारे सैनिक ओरडून सांगत होते, संपफोडे कुठले, तुम्हीच युद्ध लांबवताय. हे दोस्तांचं प्रचारपत्रक नाही, लुडेनडॉर्फनेच नंतर लिहून ठेवलंय, आणि त्या दिवसाला जर्मन सैन्याचा काळा दिवस म्हटलंय तेही त्यानेच.

तिथून पुढे दोस्तांनी लुडेनडॉर्फच्या उलट केलं. फॉशच्या हाताखाली सगळ्यांची एक मोट बांधलेली होती (मार्चच्या हल्ल्याने घाबरूनच ती बांधली गेली, एरवी ब्रिटिश फ्रेंच सेनापतीचं ऐकतोय होय). एका ठिकाणी थोडं घुसायचं, प्रतिकार वाढला की तिथे थांबून दुसरीकडे ठोकायचं. जर्मन राखीव फौज आज इकडे उद्या तिकडे धावून दमली. २९ सप्टेंबरला सेंट क्वेंटिनच्या कालव्यावर हिंडेनबुर्ग लाइन, म्हणजे जर्मनांची पक्की बचावफळी, फोडली, ब्रिटिशांच्या ४६ व्या डिव्हिजनने जहाजावरचे लाइफबेल्ट घालून कालवा पार केला. जुलैपासून युद्ध संपेपर्यंत पावणेचार लाखांहून जास्त जर्मन कैदी. रणात न हरलेल्या सैन्याचे एवढे कैदी कसे होतात हो?

---

रोखठोक

आणि अमेरिकन? तुमच्या एवढ्या मोठ्या निबंधात एक ओळ नाही त्यांच्यावर.

---

खंदकातला_उंदीर

लिहितो ना. म्यूज-आर्गोनला २६ सप्टेंबरपासून शेवटपर्यंत अमेरिकन लढले, सव्वीस हजारांच्या आसपास मेले, त्यांच्या इतिहासातली सर्वात रक्तरंजित लढाई आहे ती. पण त्यांच्या तोफा, विमानं, रणगाडे बहुतेक फ्रेंच-ब्रिटिश होते, आणि त्यांचा सेनापती पर्शिंगने १९१४ च्या चुका नव्याने करून बघितल्या, छाती काढून मशीनगनवर धावायचं वगैरे. अमेरिकेचं खरं वजन माझ्या मते लढाईपेक्षा आकड्यात होतं. जर्मन मेला तर त्याच्या जागी कोणी नाही, फ्रेंच मेला तर त्याच्या मागे दोन अमेरिकन उभे. लुडेनडॉर्फने घाईने जुगार खेळला तो याच आकड्याला भिऊन. तेव्हा तुमचा मुद्दा अर्धा मान्य, पण "बाकी सगळं तपशील" नाही मान्य.

---

नकाशेवाला

सगळे फ्रान्समध्येच का अडकलेत? जरा खाली दक्षिणेला बघा की.

१५ सप्टेंबर १९१८, मॅसिडोनियातलं डोब्रो पोलं. सर्बियन आणि फ्रेंच सैन्याने बल्गेरियाची आघाडी फोडली. तीन वर्षं ग्रीसमधल्या सलोनिकात ते सैन्य नुसतं बसलंय, मलेरियाने मरतंय म्हणून सगळे त्यांची टिंगल करायचे. दोन आठवड्यांत बल्गेरिया संपला, २९ सप्टेंबरला सही. आता नकाशावर बोट ठेवा, बल्गेरिया गेला की तुर्कस्तानचा जर्मनीशी जमिनीवरचा रस्ता तुटला, वर डॅन्यूब उघडी पडली आणि रोमानियाचं तेल धोक्यात. तिकडे द्यायला जर्मनीकडे राखीव डिव्हिजन उरलेल्या नव्हत्या, सगळ्या फ्रान्समध्ये गाडल्या होत्या.

१९ सप्टेंबरला पॅलेस्टाइनमध्ये ब्रिटिश जनरल अॅलनबीचा मेगिडोचा हल्ला. यात एक मजेशीर साखळी आहे बघा. मार्चच्या जर्मन हल्ल्याने घाबरून ब्रिटनने पॅलेस्टाइनमधून दोन अख्ख्या डिव्हिजन आणि वर बऱ्याच बटालियन फ्रान्सला ओढून घेतल्या, त्यांच्या जागी भारतीय पलटणी आल्या. म्हणजे सप्टेंबरात तुर्कांना ज्या सैन्याने मोडलं त्यातलं पायदळ मुख्यतः भारतीय होतं, आणि ते तिथे होतं लुडेनडॉर्फच्या कृपेने. २३ सप्टेंबरला हैफा जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडेस्वारांनी घेतलं, भाले घेऊन, समोर मशीनगन आणि तोफा. दिल्लीतले तीन मूर्तीचे पुतळे त्याच ब्रिगेडचे, जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद. १ ऑक्टोबरला दमास्कस. ३० ऑक्टोबरला तुर्कस्तानची सही. ऑस्ट्रिया-हंगेरीचं तर २४ ऑक्टोबरला इटलीने व्हित्तोरियो व्हेनेतोला हल्ला करेपर्यंत आतूनच विघटन सुरू झालेलं, चेक वेगळे, हंगेरियन वेगळे, ३ नोव्हेंबरला सही.

पाच आठवड्यांत जर्मनीचे तिन्ही साथीदार गेले. ११ नोव्हेंबरला जर्मनी एकटी होती, आणि दक्षिणेकडून बव्हेरियाचं दार उघडं होतं. "जर्मन भूमीवर शत्रू नव्हता" हे खरं, पण किती आठवडे नसता?

---

अर्धवट_इतिहासप्रेमी

बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. डोब्रो पोलंचं तर नावच आज पहिल्यांदा ऐकलं.

पण माझा शेवटचा प्रश्न अजून राहिला. समजा सैन्य हरत होतं. तरी कीलला नौसैनिकांचं बंड झालं, बर्लिनमध्ये क्रांती झाली, कैसर पळाला आणि मग सही झाली, हा क्रम बघितला तर सामान्य जर्मन माणसाला "आतल्यांनी घात केला" असं वाटणं साहजिक नाही का?

---

जुना_खोड

साहजिक वाटावं असाच तो देखावा उभा केला होता. तुम्ही क्रम एक महिना उशिरा सुरू करताय. सुरुवात नोव्हेंबरपासून नाही, २९ सप्टेंबरपासून करा.

२९ सप्टेंबरला, म्हणजे बल्गेरियाने सही केली आणि हिंडेनबुर्ग लाइन फुटली त्याच दिवशी, बेल्जियममध्ये स्पा इथल्या मुख्यालयात लुडेनडॉर्फ आणि हिंडेनबुर्ग कैसरसमोर गेले आणि म्हणाले, ताबडतोब शस्त्रसंधी मागा. तोवर बर्लिनमधल्या संसदेला, पक्षांना कोणालाच खरी परिस्थिती माहीत नव्हती, त्यांना सतत विजय दारात उभा आहे असंच कळवलं जात होतं. २ ऑक्टोबरला सैन्याच्या एका मेजरने पक्षनेत्यांना खरं काय ते सांगितलं तेव्हा ते सुन्न झाले.

आणि त्याच बैठकीत दुसरी गोष्ट ठरली, ती जास्त महत्त्वाची. लुडेनडॉर्फ म्हणाला की आता लोकशाही सरकार आणा, संसदेतल्या पक्षांना सत्तेत घ्या. ज्या माणसाने दोन वर्षं हुकूमशहासारखा देश चालवला त्याला एका रात्रीत लोकशाहीचं प्रेम कसं काय आलं? एक कारण अमेरिकेचा अध्यक्ष विल्सन, लोकशाही सरकारला बऱ्या अटी मिळतील ही आशा. दुसरं कारण त्याने आपल्या अधिकाऱ्यांना दोनच दिवसांनी बोलून दाखवलं, त्यातल्या एकाने डायरीत टिपून ठेवलंय, की ज्यांच्यामुळे ही वेळ आली त्यांनाच आता सत्तेवर आणा, हे सूप त्यांनी शिजवलंय, त्यांनीच प्यावं. म्हणजे पराभव सेनापतींचा आणि सही नागरी पुढाऱ्यांची, हे आधीच ठरलेलं.

मग बघा, ३ ऑक्टोबरला प्रिन्स मॅक्स चॅन्सेलर, लगेच विल्सनला पत्र. विल्सनच्या अटी हळूहळू कडक होत गेल्या तसा लुडेनडॉर्फ पलटला, म्हणे अजून लढू. २६ ऑक्टोबरला त्याला जावं लागलं. आता बंड. ऑक्टोबरच्या अखेरीस नौदलाच्या वरिष्ठांनी सरकारला न सांगता ठरवलं की सगळा ताफा घेऊन इंग्लिश नौदलावर शेवटची चाल करायची. शस्त्रसंधीची बोलणी चालू असताना! नौसैनिकांना हे आपल्या इभ्रतीसाठी आपला बळी देणं वाटलं, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? २९-३० ऑक्टोबरला विल्हेल्म्सहाफेनला त्यांनी हुकूम मानायला नकार दिला, मग कील पेटलं, मग ९ नोव्हेंबरला बर्लिन. म्हणजे सेनापतींनी हार मानली त्यानंतर बरोबर एक महिन्याने बंड. आधी पराभव, मग क्रांती. घात झाला म्हणणारे हा एक महिना गाळून टाकतात.

सही करायला गेला तो कोण, तर माथियास एर्झबर्गर, कॅथलिक सेंटर पार्टीचा पुढारी, सैनिक नाही. समोर मार्शल फॉश स्वतः हजर आणि इकडून म्होरक्या एक राजकारणी. अटी काय होत्या, ५,००० तोफा द्या, २५,००० मशीनगन द्या, ५,००० रेल्वे इंजिनं द्या, ताफा द्या, ऱ्हाइनच्या डावीकडचा प्रदेश सोडा. म्हणजे सही केल्यावर पुन्हा लढताच येणार नाही. एर्झबर्गरने विचारलं तेव्हा हिंडेनबुर्गनेच कळवलं, सवलती मागून बघा, नाही मिळाल्या तरी सही करा. त्या एर्झबर्गरला १९२१ मध्ये उजव्या अतिरेक्यांनी गोळ्या घातल्या, देशद्रोही म्हणून.

इतकंच नाही, डिसेंबरमध्ये सैन्य बर्लिनला परतलं तेव्हा सोशल डेमोक्रॅट एबर्ट, म्हणजे ज्याच्यावर नंतर घाताचा आरोप झाला तोच, स्वागताच्या भाषणात म्हणाला की तुम्हाला कोणत्याही शत्रूने हरवलेलं नाही. बिचाऱ्याला सैन्याची मर्जी हवी होती. स्वतःच्याच हाताने विरोधकांना दारूगोळा पुरवला.

---

सांजवेळ

आणि नाकेबंदी शस्त्रसंधीनंतरही उठली नाही, जुलै १९१९ पर्यंत राहिली, अन्न यायला लागलं ते मार्चनंतर. हे दोस्तांच्या खात्यावरचं पाप. घातवाली गोष्ट लोकांच्या गळी उतरायला हेही एक कारण, युद्ध संपलं तरी पोट रिकामंच.

---

नकाशेवाला

यातला मोठा वाद हा की दोस्तांनी थांबायला हवं होतं का. पर्शिंगचं म्हणणं होतं की थांबू नका, बिनशर्त शरणागती घ्या, नाहीतर यांना आपण हरलो हे पटायचंच नाही. फॉश म्हणाला, आपल्याला हवं ते या अटींनी मिळतंय, मग अजून माणसं का मारायची. दुसऱ्या महायुद्धानंतर लोक पर्शिंगला द्रष्टा वगैरे ठरवतात. मला नाही पटत, फ्रान्सचे तोवर तेरा-चौदा लाख सैनिक मेलेले, त्यांना बर्लिनपर्यंत चला म्हणणं दोन वर्षं आधी आलेल्या माणसाला पण जमलं नसतं आणि हा तर कालपरवा आलेला.

---

रोखठोक

हे पटलं. पण तो लुडेनडॉर्फ, एवढं करून सवरून त्याचं झालं काय? खटला वगैरे?

---

जुना_खोड

कसला खटला. नकली दाढी आणि निळा चष्मा लावून आधी डेन्मार्क आणि मग स्वीडनला सटकला, तिथे बसून आठवणी लिहिल्या, दोष सगळ्यांचा, त्याचा सोडून. वातावरण निवळल्यावर परत आला, १९२० मध्ये उजव्यांनी सरकार उलथवायचा प्रयत्न केला त्या काप उठावाच्या आसपास हा, १९२३ ला म्युनिकमध्ये हिटलरच्या उठावात हा सगळ्यात पुढे. १९२४ ला खटला झाला तर हिटलरला निदान थोडी शिक्षा झाली, हा निर्दोष सुटला. १९२५ ला राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला तेव्हा एक टक्क्याच्या आसपास मतं पडली.

हिंडेनबुर्ग त्याच्यापेक्षा पोचलेला. नोव्हेंबर १९१९ मध्ये संसदेच्या चौकशी समितीसमोर गणवेश घालून गेला, विचारलेल्या प्रश्नांना बगल दिली आणि लिहून आणलेलं वाचलं की एका इंग्रज जनरलने म्हटलंय, जर्मन सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. समितीतल्या कोणीही त्याला २९ सप्टेंबरला स्पामध्ये तुम्ही काय मागितलंत हे धड विचारून धरलं नाही. १९२५ च्या त्याच निवडणुकीत दुसऱ्या फेरीत उभा राहून तो राष्ट्राध्यक्ष झाला, १९३२ ला परत निवडून आला, आणि ३० जानेवारी १९३३ ला हिटलरला चॅन्सेलर नेमणारी सही त्याचीच.